द्वारका परिसरातील ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कॅम्पर ट्रेलरच्या दिव्यांची दुरुस्ती

इगतपुरीच्या पावसातून परतल्यावर आमच्या कॅम्पर ट्रेलरचा (जीपमागे जोडून न्यायच्या, मुक्कामाची सोय असलेल्या गाड्याचा) डावा इंडिकेटर लावला की मागचे लाल दिवेही त्याच लयीत मंद लुकलुकत आणि ब्रेक दाबताच ते विझत. आधी एका ठिकाणी काहीही न तपासता दोन्ही दिवे बदलून दिले गेले. दोष मात्र तसाच राहिला.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या या छोट्या दुकानातील कारागिरांनी एकाही दिव्याला हात न लावता प्रथम जीपमागचे सात पिनांचे सॉकेट टेस्ट लॅम्पने तपासले आणि तेथे वीज नीट येत असल्याची, म्हणजे दोष ट्रेलरकडेच असल्याची, खात्री करून घेतली. मग ब्रेक दाबून धरायला सांगून त्यांनी मल्टिमीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थिंगला (वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीला) व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. जेथे जेमतेम दशांश व्होल्ट दिसायला हवा, तेथे 4 व्होल्ट दिसले. परतीचा मार्गच अडल्याने वीज इतर दिव्यांच्या फिलामेंटमधून वाट काढत होती, हे त्यांनी ज्या शांतपणे समजावले, ते मला फार मोलाचे वाटले. चासीवरील (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यावरील) अर्थिंगचा गंजलेला बोल्ट घासून, नवी लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बसवून आणि वर ग्रीस लावून त्यांनी प्लगपर्यंत अर्थिंगची स्वतंत्र वायरही ओढली.

काम अडीच तास चालले, मजुरी वाजवी होती. वायरींवर संरक्षक नळी मात्र आवर्जून मागून घ्यावी लागली. ती त्यांनी स्वतःहून घालायला हवी होती. त्यानंतर भर पावसात कसारा घाट दोनदा उतरलो, मागचे सर्व दिवे व्यवस्थित लागत आहेत.