सोलकढीचा लाल: आगळ की बीट?
हॉटेलातली सोलकढी भडक राणी रंगाची दिसली की समजावं, बीट पडलंय. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची कढी फिकट, जराशी मळकट गुलाबी असते.

कोकमाचा लाल अँथोसायनिनचा, आणि तो आंबटावर जगतो. चमचाभर आगळात चिमूट खायचा सोडा टाकून बघा: फसफसतं, लाल विरतो, निळसर काळपट उरतो. बीटातलं बेटानिन याबाबतीत बिनधास्त. पण उकळत ठेवलं की तपकिरी पडतं. गंमत म्हणजे ही दोन रंगद्रव्यं एकाच झाडात कधी सापडत नाहीत.

तब्येतीचं म्हणाल तर बीटाचं पारडं जड. त्यातल्या नायट्रेटने रक्तदाब थोडा उतरतो. मुतखडेवाल्यांनी मात्र ऑक्झलेटमुळे जपावं. (दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली तर घाबरू नका.) आगळात मीठ भरपूर, म्हणून रक्तदाबवाल्यांनी हात आखडता घ्यावा. पित्तावरचा उतारा म्हणून आमच्याकडे आमसुलाचं पाणी देतात; मी ते चवीसाठीच पितो.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मालवणातसुद्धा पाहुण्यांना बीटाची कढी वाढतात! बीट कोशिंबिरीत हवं तेवढं घाला. कढीत दिसलं तर मी ताकच मागवतो.