केस काळे करणाऱ्या पुडीसाठी गेलेले 12,950 रुपये

गेल्या श्रावणात लक्ष्मी रस्त्यावर मुलीबरोबर खरेदी करत असताना एका पन्नाशीच्या गृहस्थाने तिच्या अकाली पिकलेल्या केसांकडे पाहून "माझ्या पुतणीचेही असेच झाले होते, ताई" असे म्हटले, आणि पुढच्या तासाभरात माझे 12,950 रुपये गेले. असली माणसे ओळख काढून जडीबुटीच्या दुकानापर्यंत कशी नेतात, हे पुणेकरांना सांगायला नको; तसाच तो आम्हालाही घेऊन गेला. मी बावीस वर्षे शाळेत शिकवते, अडाणी नाही. पण मुलगी तेवीस वर्षांची, स्थळे पाहणे सुरू आणि दोन ठिकाणी केसांवरून विचारणा झालेली, अशा वेळी कोणतीही आई थांबली असती.

दुकानदाराने एक भस्म 180 रुपये आणि एक मुळी 85 रुपये असा भाव सांगितला. मी "एकूण किती होतील?" असे विचारले, तेव्हा तो "आधी औषध तर होऊ दे" म्हणाला आणि दोन्ही जिन्नस खलात एकत्र कुटू लागला. तिथेच मी उठायला हवे होते. किती वजन घातले ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही, आणि तो खलबत्त्याचा आवाज मला अजून झोपू देत नाही. कुटून झाल्यावर कळले की भाव ग्रॅमचा होता: 40 ग्रॅम भस्माचे 7,200, 60 ग्रॅम मुळीचे 5,100 आणि सोबत दिलेल्या तेलाचे 650. कुटलेला माल परत घेत नाहीत, म्हणे! 10,000 यूपीआयने आणि 2,950 रोख दिले. पावती म्हणून कोऱ्या कागदावर फक्त आकडा मिळाला. भाव ऐकलात की "किती ग्रॅमचा?" हे तिथल्या तिथे विचारा.

तेलाने दोन दिवसांत उशीचा अभ्रा काळा झाला आणि मुलीच्या कानामागे पुरळ उठले. त्वचारोगतज्ज्ञांनी तेलात पीपीडी हे काळ्या रंगातले रसायन असल्याचा संशय व्यक्त केला. बाजारातल्या काळ्या मेंदीतही अनेकदा ते असते, कारण निव्वळ मेंदीचा रंग तांबूसच येतो. केसाला रंग देणाऱ्या पेशी त्याच्या मुळाशी असतात आणि बाहेर आलेला केस निर्जीव असतो, म्हणून त्याला तेल चोळून आतून काळे करता येत नाही, हे त्यांनी पाच मिनिटांत समजावले. तिच्या वडिलांचेही केस पंचविशीच्या आतच पिकले होते, शिवाय तिचे बी-12 जीवनसत्त्व कमी निघाले. आधी रक्त तपासा. रंगच लावायचा असेल, तर कानामागे थोडा लावून 48 तास थांबा.

पोलीस चौकीत मला "तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, मग फसवणूक कशी?" असे विचारले गेले. दुसऱ्या कार्यालयात पक्के बिल मागितले. पक्के बिल देणारा मला फसवील कशाला? औषध नियम, 1945 (आधीचे नाव औषध व सौंदर्यप्रसाधन नियम) यांच्या अनुसूची 'जे'मध्ये अकाली केस पिकण्याचा उल्लेख आहे आणि त्या यादीतली व्याधी बरी करण्याचा दावा औषधाने करू नये असा नियम आहे, हे मी छापून नेले, तर तो कागद न वाचताच परत मिळाला. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते. बाटलीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि बॅच नसेल तर ती हातातही घेऊ नका.

उरलेली पूड, तेलाची बाटली आणि तो आकडा लिहिलेला कागद मी एका डब्यात बंद करून ठेवले आहे. तपासणीसाठी ते आजवर कोणीही मागितलेले नाही.