पैसे देऊन ब्राउझर घ्यावा का?

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. घरच्या वापरासाठी ब्राउझर विकत घेऊ नका. दिवसभर काही ना काही शोधत राहणे हेच ज्यांचे काम आहे, म्हणजे वकील, पत्रकार, भाषांतरकार, त्यांनी पैसे जरूर खर्चावेत, पण ब्राउझरवर नव्हे, सर्चवर. दहा-पंधरा मशीनच्या वर ऑफिस गेले असेल तर मात्र पैसे मोजण्याजोगी एक गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे येतो.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणे हा माझा धंदा. नौपाड्यातले करसल्लागार, वागळे इस्टेटमधले वर्कशॉपवाले, वाशीच्या एपीएमसीतले गाळेधारक अशी सगळी मंडळी. महिना वीस डॉलरवाले ब्राउझर बाजारात आल्यापासून हा प्रश्न त्यांच्याकडेही येऊ लागला आहे. प्रश्नाला उत्तर मात्र तेच देतात: "ब्राउझरला कोण पैसे देतं हो?"

एके काळी देत होते. नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरची किंमत ४९ डॉलर होती. मग मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट द्यायला सुरुवात केली. ठाणे स्टेशनजवळ कुंजविहारात वड्याबरोबर चटणी मिळत असताना बाहेर कोणी नुसती चटणी विकायला बसावे, तशी नेटस्केपची गत झाली. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी ब्राउझर फुकट केला. नॉर्वेचा ऑपेरा आणखी काही वर्षे तगला: जाहिरातीची पट्टी सोसा, नाहीतर ३९ डॉलर भरा. सप्टेंबर २००५ मध्ये त्यांनीही तो नाद सोडला. ऑपेराचे सहसंस्थापक योन फॉन टेट्झनर यांनी पुढे विवाल्डी हा नवा ब्राउझर काढला, तो पहिल्या दिवसापासून फुकट. पैसे देणारे गिऱ्हाईक जवळून पाहिलेला माणूस दुसऱ्या खेपेला त्या वाटेला गेला नाही, ही गोष्ट मला सगळ्या मार्केट सर्व्हेंपेक्षा जास्त पटते.

मग फुकटवाल्यांचे भागते कसे?

सर्चवर. पत्त्याच्या पट्टीत आपण जे टाइप करतो ते कोणत्या सर्च इंजिनाकडे जाणार, याचा लिलाव म्हणजे ब्राउझरचा धंदा. सफारीमध्ये गुगल डिफॉल्ट राहावे म्हणून गुगलने ॲपलला एकट्या २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. रुपयांत तेव्हाच्या भावाने दीड लाख कोटींच्या वर. ठाणे महापालिकेचे वर्षाचे अंदाजपत्रक पाच-सहा हजार कोटींच्या घरात असते. त्यावरून काय तो अंदाज बांधा.

फायरफॉक्सही याच विहिरीचे पाणी पितो. तो बनवणाऱ्या मोझिला कॉर्पोरेशनचे सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्समधून येते आणि त्यातले साधारण ८५ टक्के गुगलकडून, अशी साक्ष त्यांच्याच वित्तप्रमुखांनी मे २०२५ मध्ये कोर्टात दिली. "गुगल नको म्हणून फायरफॉक्स" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि आणखी एक: कॉर्पोरेशनची मालक संस्था असलेल्या मोझिला फाउंडेशनला तुम्ही देणगी दिलीत तर ती फायरफॉक्स बनवण्यावर खर्च होत नाही, ते काम कॉर्पोरेशनचे. म्हणजे ज्याला फायरफॉक्ससाठी मनापासून पैसे द्यायचे आहेत त्याला ते सरळ देण्याची सोयच नाही. मला हा प्रकार चमत्कारिकच वाटतो.

फुकटातले डावे-उजवे

क्रोम आणि एज यांत ऑफिसच्या कामापुरता फारसा फरक नाही, दोघांचा पाया एकच, क्रोमियम हा गुगलचा खुला प्रकल्प. एजची एक जमेची बाजू मात्र खरी आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये बंद झाला, तरी त्याच्यासाठी बनवलेल्या जुन्या साइट एजच्या आयई मोडमध्ये चालतात. एखादे जुने अंतर्गत सॉफ्टवेअर अजून कुरकुरत चालू असेल तर एज काढून टाकू नका.

जाहिराती हा ज्यांचा मुख्य त्रास आहे त्यांनी फायरफॉक्स घ्यावा. क्रोमने एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांचे, नियम बदलल्यापासून जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन तिथे चालत नाही, फक्त त्याची हलकी लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर अजून पूर्ण चालते. काही एक्स्टेन्शन टाकण्याचीही कटकट नको असेल तर ब्रेव्ह, त्यात जाहिराती मुळातच अडवलेल्या असतात. त्यातले क्रिप्टोचे बटण मात्र पहिल्याच दिवशी बंद करून टाका. यूट्यूबच्या जाहिराती नकोत म्हणून महिना १४९ रुपये भरणारी कितीतरी घरे घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत सापडतील. डोक्याला ताप होतो तिथे आपला माणूस पैसे सोडतो. ब्राउझरच्या बाबतीत तो ताप फुकटात जातो, म्हणून पाकीट बाहेर येत नाही.

पैसेवाले

कागी कंपनीचा ओरायन मॅक, आयफोन आणि आयपॅडवर चालतो. विंडोजवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. ब्राउझर फुकटच आहे. ओरायन प्लस हवे तर महिना ५ डॉलर, वर्षाला ५० किंवा कायमचे १५०. पैसे भरून जे जास्तीचे मिळते ते थोडके आहे, खरे तर ही बनवणाऱ्यांना दिलेली शाबासकी आहे. तुमच्या वापराची माहिती तो गोळा करत नाही आणि क्रोम व फायरफॉक्स दोघांचीही एक्स्टेन्शने घेतो. हौस असेल तर अवश्य द्या, चांगली माणसे आहेत. फक्त आपल्याकडच्या सरकारी आणि बँकांच्या साइट प्रामुख्याने क्रोमवर तपासलेल्या असतात, तेव्हा क्रोमही सोबत ठेवावाच लागेल.

डिया आणि कॉमेट हे एआयवाले. डिया बनवणाऱ्या कंपनीचा आधीचा ब्राउझर आर्क. त्याच्यावर जीव टाकणारे लोक होते, तो फुकट होता, आणि तरी कंपनीने त्यात नवे काही करणे थांबवून डिया काढला. डियाची प्रो आवृत्ती महिना २० डॉलर, म्हणजे १,७०० रुपयांच्या पुढे. सप्टेंबर २०२५ मध्ये अटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीने ही कंपनी ६१ कोटी डॉलरला घेत असल्याचे जाहीर केले. ब्राउझर विकण्यापेक्षा ब्राउझरची कंपनी विकणे सोपे गेले म्हणायचे. पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीचा कॉमेट जुलै २०२५ मध्ये आला तो महिना २०० डॉलर भरणाऱ्यांसाठी. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना फुकट. मधल्या काळात एअरटेलच्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट मिळालेच होते.

ज्या मशीनला डिजिटल सहीचा टोकन (सही साठवलेला यूएसबी) लागतो, त्यावर एआय ब्राउझर टाकू नका, फुकट असला तरी. हे ब्राउझर पान वाचून तुमच्या वतीने बटणे दाबू शकतात आणि खोच तिथेच आहे. पानात लपवलेला मजकूर म्हणजे तुमचाच हुकूम, असा त्यांचा समज करून देता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या लोकांनी कॉमेटबाबत हे करून दाखवले होते. ब्रेव्ह प्रतिस्पर्धी आहे हे मान्य, पण दोष खरा होता. करसल्लागाराच्या मशीनवर जीएसटी पोर्टल उघडे, टोकन लावलेला, एका टॅबमध्ये नेट बँकिंग, दुसऱ्यात अशिलाचा ईमेल. अशा ठिकाणी स्वतःहून हातपाय हलवणारा ब्राउझर कशाला? लेख लिहायला, मोठे अहवाल आटोपशीर करायला तो वेगळ्या लॅपटॉपवर खुशाल वापरा.

सर्चवर पैसे

त्याच कागीचे सर्च इंजिन जाहिरातीशिवाय चालते: महिना ५ डॉलरला ३०० शोध, १० डॉलरला हवे तितके. पहिले १०० शोध चाखायला फुकट. नको ती साइट निकालांतून कायमची हाकलता येते, हे मला सर्वांत आवडले. एखाद्या शासकीय निर्णयाची मूळ प्रत शोधताना वर जी दहा "संपूर्ण माहिती"वाली पाने येतात, ती ज्याने सोसली आहेत त्याला याची किंमत कळेल. शोध मुख्यतः मराठीत असतील तर मात्र आधी ते १०० शोध वापरून बघा. आणि हे फायरफॉक्समध्येही डिफॉल्ट म्हणून लावता येते, त्यासाठी ब्राउझर बदलायची गरज नाही.

ऑफिस मोठे असेल तर

इथे ब्राउझरला पैसे देणारे गिऱ्हाईक खरोखर आहे. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत ब्राउझरमधून फाइल बाहेर जाऊ न देणे, कोणते एक्स्टेन्शन चालेल ते ठरवणे, नोकरी सोडलेल्या माणसाचे लॉगिन एका जागेवरून बंद करणे, हे हवेच असते. क्रोम एंटरप्राइझ प्रीमियम माणशी महिना ६ डॉलर. झोहो या भारतीय कंपनीच्या उला ब्राउझरचीही ऑफिससाठी पैसेवाली आवृत्ती आहे. केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये उलाला पहिले, एक कोटीचे बक्षीस मिळाले. तोही क्रोमियमवरच बांधलेला आहे. चार-पाच मशीनच्या ऑफिसने यातले काहीही घेऊ नये. क्रोम एंटरप्राइझ कोअर फुकट आहे, त्यातून एक्स्टेन्शनवर लगाम घालता येतो. शिवाय अशी ऑफिसे दरवर्षी क्विक हीलसारखे अँटिव्हायरस पैसे देऊन घेतातच, आणि त्यात सेफ बँकिंग असले तर ते उघडूनही न बघता वर्ष निघून जाते. आधी ते चालू करा.

एवढे वाचूनही घ्यायचेच ठरले, तर पैसे भरताना अडचण येते ती डॉलरची. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. बँकेचे परकी चलनाचे शुल्क लागते आणि वर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, म्हणून ५ डॉलर म्हणजे नेमके पाचच धरू नका. पहिल्यांदा महिन्याचेच घ्या. १५,००० रुपयांपर्यंतची दरमहा वजावट ओटीपीशिवाय जाते, पण चोवीस तास आधी बँकेचा मेसेज येतो. तो प्रमोशनच्या मेसेजांत हरवू देऊ नका. नको असेल तर मँडेट, म्हणजे वजावटीची दिलेली परवानगी, त्याच वेळी रद्द करता येते.