टर्बो गाडी, ब्रेक आणि घाट : वर्षभर वापरल्यावर

मायलेज, पिकअप, एसी यावर सगळ्यांनी लिहिलंच आहे. मी फक्त ब्रेकवर लिहितो.

ही टर्बो पेट्रोल सेकंडहँड घेतली, वर्ष होत आलं. मार्चमध्ये चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरत होतो. पाच माणसं, डिकी भरलेली. अर्ध्या घाटात पेडल मऊ पडलं. पाय पार खाली गेला तेव्हा कुठे गाडी थांबली.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "सर, एवढ्या पॉवरला ही डिस्क लहानच पडते, मोठी किट टाका." (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती; ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्हीकडून आवळतात.) कोटेशन पाहून डोकं फिरलं, तेवढ्यात संत्र्याच्या बागेची फवारणी निघते! पण भीती अशी बसली होती की किट घ्यायचं जवळपास ठरलंच होतं.

गावातल्या मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडलं. तेल बिनदुधाच्या चहासारखं काळं. "भाऊ, डिस्क बदलून काय करान? आदी तेल पाहा." हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ (ब्रेक तेलाचा एक प्रकार) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. घाटात तापून तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. मग पेडलने बुडबुडेच दबतात, पॅड नाही. तेल आणि पुढचे पॅड बदलले. आता दुसऱ्या गियरमध्ये उतरतो, म्हणजे इंजिनही वेग रोखतं आणि पेडल टणक राहतं.

ब्रेकला जिरवावं लागतं ते वजन आणि वेग, हॉर्सपॉवर नव्हे. समृद्धीवर १२० ला ऊर्जा ८० च्या सव्वादोन पट असते, तरी गाडी एकदा थांबवायला कंपनीची डिस्क पुरते. जोरात दाबल्यावर एबीएसची (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथर पायाला लागली, म्हणजे ब्रेकने टायरची पकड ओलांडली. पुढचं अंतर टायरच ठरवणार. पॉवर आडवी येते ती रेस ट्रॅकवर. ताकदवान गाडी दोन वळणांच्या मधे लगेच वेग पकडते, डिस्कला गार व्हायला वेळ मिळत नाही. तिथे मोठी डिस्क हवीच. अचलपूर-अंजनगाव रस्त्यावर तसं कोण चालवतं?

राग वेगळाच आहे. आधीच्या सर्व्हिसच्या बिलात 'ब्रेक तपासणी'चे पैसे लावले होते आणि ते झाकण कोणी उघडून पाहिलं नाही. गाडीत पाच जीव होते!

किट रद्द. त्या पैशातून पावसाळ्याआधी चारही टायर घेतोय, जुन्यांची नक्षी पार झिजली आहे.