अ‍ॅडमिशन काउन्सेलिंग, पुणे: कागदपत्रं एक नंबर, होम युनिव्हर्सिटीत मात्र घोळ (2.5/5)

भाचीच्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडसाठी (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) पुण्यातल्या एका खाजगी काउन्सेलिंगवाल्यांकडे 12,000 भरले. नाव टाकत नाहीये, एकट्यालाच कशाला झोडपायचं, ओळखीच्या दोघातिघांना दुसरीकडेही असाच अनुभव आलाय.

आधी चांगलं सांगतो. कागदपत्रांत यांचा हात कुणी धरणार नाही. तिथल्या मॅडमनी फाइल चाळता चाळताच सांगितलं की नॉन-क्रिमीलेयरचं सर्टिफिकेट पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं लागेल, हे जुनं झालं, आजच तहसीलला पळा. तेवढे पैसे वसूल. फोन उचलतात, रात्री व्हॉट्सअ‍ॅपलाही उत्तर देतात.

आता खरी गंमत. पोरगी बार्शीची, पण अकरावी-बारावी लातूरला केलेली, आमच्याकडे निम्म्या गावाची पोरं तिकडंच असतात. यांच्या सॉफ्टवेअरमधे पर्सेंटाइल, कॅटेगरी, ब्रँच टाकली की दोन मिनिटांत कॉलेजांची यादी प्रिंट होऊन हातात. बारावी कुठून केली हा रकानाच नाही! दाजींनी विचारलं पण, "मॅडम, पोरगी लातूरला शिकलीय, त्यानं काय फरक पडतो का?" तर म्हणे, "नाही हो काका, महाराष्ट्रातलीच आहे ना, मग झालं."

कसलं झालं? दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेल्या पोरांची होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावीचं कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं त्यावरून, घर कुठंय त्यावरून नाही. लातूर येतं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात. म्हणजे ही पुण्यात बाहेरची, आणि मजा म्हणजे स्वतःच्या सोलापूर जिल्ह्यातपण बाहेरचीच. जिथं होम युनिव्हर्सिटीचा नियम लागतो तिथं 70 टक्के जागा होमवाल्यांना आणि 30 टक्के बाकीच्यांना, आणि पुण्याच्या चालत्या कॉलेजात त्या 30 टक्क्यांवर अख्खा महाराष्ट्र तुटून पडतो, त्यामुळं तिथला कटऑफ बहुतेक वेळा वरच असतो. यांनी दिलेली यादी सगळी होमच्या कटऑफवर बनवलेली.

शेवटी तिथल्याच एका ज्युनिअर सरांनी वाचवलं. त्यांनी मागच्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघडली, जागेच्या कॅटेगरीचा जो कोड असतो त्याच्या शेवटच्या अक्षरावर पेन ठेवला आणि म्हणाले, एच असेल तर होम, ओ असेल तर बाहेरचे, एस असेल तर स्टेट लेव्हल, तुमच्या मुलीसाठी पुण्यातली एचची ओळ बघायचीच नाही. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय यांना स्टेट लेव्हल, तिथं कुठून आलात हे कुणी विचारत नाही. मग यादी पहिल्यापासून केली. पुण्याची बरीच कॉलेजं आवाक्याबाहेर गेली, तरी स्वप्नातली म्हणून वरती ठेवली (वर ठेवल्यानं काही बिघडत नाही, न मिळणाऱ्या ऑप्शनची शिक्षा नसते), आणि लातूर-नांदेडची दोन नावं जी आधी यादीतच नव्हती ती आली. ज्युनिअर सरांना पाचपैकी पाच. फी मात्र मॅडमच्या नावाची घेतात.

आणि हो, यांचं दहावीनंतरचं पॅकेजपण आहे, फी विचारू नका. यात इंटिग्रेटेड क्लास (कॉलेज आणि कोचिंग एकत्र) पुण्यात आणि बारावीचं कॉलेज कागदावर कुठल्यातरी तिसऱ्याच जिल्ह्यात, असलं टायअप असू शकतं. मग होम युनिव्हर्सिटी त्या गावाची! कॉलेजचा पत्ता लेखी मागा. पोराला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवणाऱ्यांनी तर जास्तच बघावं. एनआयटीत (केंद्र सरकारची इंजिनिअरिंग कॉलेजं) निम्म्या जागा होम स्टेटच्या आणि तेही बारावी कुठून केली त्यावरून ठरतं, म्हणजे कोट्याहून बारावी केली की नागपूरच्या व्हीएनआयटीत तुम्ही बाहेरचे आणि जयपूरच्या एनआयटीत घरचे. आयआयटीला ही भानगड नाही. नीटवाल्यांचं अजून वेगळं, राज्याच्या 85 टक्के जागांना डोमिसाइल तर लागतंच, शिवाय बारावीपण महाराष्ट्रातूनच हवी. मेडिकलमधे आधी विदर्भ, मराठवाडा, उर्वरित असा 70:30 पण होता (70 टक्के त्या विभागाच्या पोरांना, 30 टक्के राज्याला), तो 2020 ला रद्द झाला, तरी यांच्या माहितीपत्रकात तो अजून छापलेलाय. मी दाखवलं तर मॅडम म्हणाल्या, जुना स्टॉक आहे, संपला की नवीन छापू.