जे.जे.ची पदवी की कोल्हापुरातच जी.डी. आर्ट?

बारावीचा निकाल लागला की कुणीतरी पालक पोराच्या चित्रांची गुंडाळी घेऊन येतातच. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड असते आणि प्रश्न ठरलेला: मुंबईला जे.जे. कला महाविद्यालयात पाठवू, की इथंच कोल्हापुरात दळवीज नाहीतर कलानिकेतन या कला महाविद्यालयांत घालू?

आधी कागदाचं. जे.जे.ची बीएफए ही ललित कलेची चार वर्षांची पदवी. पुढं एमएफए (पदव्युत्तर पदवी), नेट ही प्राध्यापक-पात्रता परीक्षा, प्राध्यापकी, सगळीकडं पदवीच मागतात. जी.डी. आर्ट ही शासकीय पदविका, ती तिथं अडखळते. चित्र विकत घेणारा मात्र दोन्हींतलं काहीच विचारत नाही.

हाताचं गणित वेगळं. इथं चित्राचा बोर्ड उचलला की सायकलवर रंकाळा, कोटितीर्थ तलाव, पंचगंगेचा घाट. रोज उजेड बघायला मिळतो, दुपारी घरी जेवायला येता येतं. जलरंग आणि पोर्ट्रेट इथल्या पाण्यातच आहे. खोट एकच, पण मोठी: सगळ्यांचा घाट सारखा दिसायला लागतो. सरांचा ब्रश पोरांच्या हातात उतरतो आणि तिथंच राहतो. मुंबईत कॉलेजातून चालत जहांगीर आर्ट गॅलरी गाठता येते. आज आवडलेलं चित्र उद्या का आवडलं नाही, हे तिथं कळतं. पण हॉस्टेल मिळालं नाही तर स्केचिंगचे तास लोकलमध्ये जातात. गर्दीत स्केचबुक उघडता येतं म्हणणाऱ्यानं एकदा सकाळी साडेआठला उघडून दाखवावं.

कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान जे.जे.त शिकून परत आले आणि कोटितीर्थ रंगवत राहिले. इथलेच चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर कुठल्याच कलाशाळेत गेले नाहीत. तेव्हा मोठ्यांचे दाखले देऊन कुणी पटवायला लागलं तर चहा पाजून वाटेला लावा.

माझं मत विचाराल तर जे.जे.त जागा आणि राहायची सोय दोन्ही झाली, तर डोळे झाकून जा. सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, आपली पोरं ऑब्जेक्ट (समोरची वस्तू बघून) आणि मेमरी (आठवणीतून) ड्रॉइंगला कमी पडत नाहीत, डिझाइनला मार खातात. त्याचा सराव आधीपासून हवा. जे.जे. 2023 पासून अभिमत विद्यापीठ आहे, म्हणून प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीचेच वाचा. जे.जे. हुकलं म्हणून कर्ज काढून कुठल्यातरी महागड्या खासगी कॉलेजात मात्र घालू नका. त्यापेक्षा इथं जी.डी. करावी आणि सोबत मुक्त विद्यापीठातून बी.ए. त्यानं एमएफएचं दार उघडेलच असं नाही, पण स्पर्धा परीक्षेचा फॉर्म तरी भरता येतो.