लोकमान्य नगरची संस्था : आईचं रेशन परत चालू झालं

वर्षभरात सात-आठ वेळा तरी जाऊन आलेय म्हणून नीट लिहिते. ठाण्यात लोकमान्य नगरला चाळीच्या तोंडाशी एक खोली आहे, दोन टेबलं, एक पंखा, बाहेर चपलांचा ढीग, बोर्ड एवढासा, सगळे नुसतं ऑफिसच म्हणतात. मला वाटलेलं गरिबांना धान्याचं किट-बिट वाटत असतील, तसलं काही नाही.

माझी आई पंचवीस वर्षं लोकांची धुणीभांडी करतेय, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीयेत. रेशनच्या मशीनवर अंगठा लावला की एरर, दुसरं बोट लावलं तरी एरर, मग हात धुवून या, मग सर्व्हर डाऊन आहे उद्या या. असे चार महिने गेले आणि शेवटी दुकानदार म्हणाला तुमचं नावच बंद झालंय. चालू करून देतो म्हणून एका एजंटने पंधराशे घेतले ते वेगळेच, परत फोनच उचलला नाही. आम्ही घरात चौघं, माणशी ५ किलो म्हणजे महिन्याला २० किलो, तेही जानेवारी २०२३ पासून फुकट, आणि आम्ही वाण्याकडून उधारीवर आणत होतो.

ऑफिसमधल्या ताईंनी आधी आईचे दोन्ही हात हातात घेऊन बघितले. म्हणाल्या मावशी, बोट जुळत नाही म्हणून रेशन नाकारता येत नाही, २०१७ लाच केंद्राने राज्यांना तसं कळवलंय. आणि अर्ज आईलाच लिहायला लावला! आई चौथी शिकलेली, मला खरं तर राग आला, म्हटलं मी देते ना लिहून, तर म्हणाल्या तू दर वेळी सोबत असणारेस का. पाऊण तास लागला, खाडाखोड झाली, पण लिहिला तिने. दोन प्रती, एक शिधावाटप कार्यालयात द्यायची, दुसरीवर शिक्का न् तारीख घ्यायची, पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही हे तीनदा बजावलं. महिनाभर काही हललं नाही मग माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आमच्या अर्जाचं काय झालं एवढंच विचारलं. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं त्यांना, आमचं कामच सतराव्या दिवशी झालं. डोळे स्कॅन करून घेतले. आईने दुकानातूनच फोन केला, दोन पिशव्या घेऊन ये लवकर.

संस्थेने एक रुपया घेतला नाही, झेरॉक्सचे तेवढे आपले.

महिन्यातून एकदा वकील मॅडम पण येतात. शेजारच्या वहिनींना नवऱ्याने घराबाहेर काढलेलं, त्यांना तिथेच कळलं की बाईला, मग कमाई कितीही असो, फुकट वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे, १५१०० वर फोन केला तरी माहिती देतात. किती जणींना हे ठाऊकच नाही.

एक गोष्ट मात्र बदलाच प्लीज. ऑफिस दुपारी एकला बंद होतं आणि घरकाम करणाऱ्या बायका दोनच्या आधी सुटतच नाहीत, आईला दर वेळी खाडा करावा लागला, पगार कापला गेला. आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी उघडा. जाणार असाल तर शनिवार टाळा, टोकन नाही, तोबा गर्दी असते, आणि आधार, रेशनकार्ड दोन्हीची झेरॉक्स घरूनच काढून न्या.